रघू मेस्त्रीचा कान

२ जुलै, बुधवार

आजपासून वही लिहायची. कारण काल्डर साहेब लिहायचा.

हा काल्डर म्हणजे ओवेन काल्डर, अमेरिकेतला. खिशात मावतील अशी यंत्रं काढून त्यानं जग हलवलं. त्याच्या चरित्राचा मराठी अनुवाद अक्षयानं माझ्या वाढदिवसाला पुण्याहून कुरियरनं धाडला. चारशे बारा पानं. लेक कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिच्या हापिसात सगळ्यांनी वाचलंय म्हणे. फोनवर म्हणाली, "बाबा, वाचताना सारखी तुझीच आठवण येत होती." बापाला आणखी काय पाहिजे? मी लगेच जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं पुस्तकाला.

साहेब दुपारी जेवल्यावर अर्धा तास वही लिहायचा. मी पण तेव्हाच लिहिणार. नाहीतरी जेवल्यावर शेडमध्ये सगळे पेंगतात.

साहेबानं पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहिलं होतं, तर मीही लिहितो. रघुनाथ शिवलकर, वय अठ्ठावन्न. मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायची शेड, चौतीस वर्षं झाली. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठं काय दुखतंय ते मी सांगतो. जयगडपासून पूर्णगडपर्यंत 'रघू मेस्त्रीचा कान' म्हणतात. मी 'पास' म्हटलं की बोट चालवणारा तांडेल बोट काढतो, दुसऱ्यांदा विचारत नाही.

हाताखाली तिघं. त्यात सगळ्यात जुना विठू, बावीस वर्षं माझ्याजवळ. बाकीचे बरे आहेत. एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून सगळ्या बोटी वर ओढलेल्या आणि सगळ्यांची इंजिनं आमच्या उरावर. असल्या गर्दीत वाचायला वेळ काढतोय, हे नशीब त्या साहेबाचं.

५ जुलै, शनिवार

पान ६१. साहेबाची एक गोष्ट फार आवडली. नवीन यंत्र आणून दिलं की तो ते तळहातावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मेलेलं आहे, घेऊन जा." कारण सांगायचा नाही. माणसं परत सहा महिने राबायची. शेवटी जे व्हायचं ते सोनं.

हे मी चौतीस वर्षं करतोय. फक्त माझ्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

आज कर्ल्याच्या एका बोटीचं इंजिन ऐकलं. विठूची एक सवय आहे. मी ऐकत असताना तो समोर उभा राहतो आणि इंजिनावर बोटानं टकटक करतो. लाख वेळा सांगितलं, ऐकू दे मेल्या. पण गंमत अशी की त्याचं बोट जिथं वाजतं तिथंच मला दोष सापडतो. आज चौथ्या सिलिंडरवर टकटक करत होता, मी म्हटलं चौथा नोजल, उघडला तर तोच. माझ्याजवळ राहून त्याला थोडं थोडं कळायला लागलंय म्हणायचं.

घरी बायकोशी कटकट झाली. राजश्री कुकर लावून तीन शिट्ट्या मोजायला सांगून देवळात गेली. मी वाचत बसलो, एकही शिट्टी झाली नाही. आली तेव्हा डाळ करपून कोळसा. माझ्यावर ओरडली. कुकरची शिट्टी खराब आहे, तिला मी काय करू? सोमवारी नवीन आणायची.

९ जुलै, बुधवार

साहेब अचानक एखाद्या खोलीत शिरायचा आणि समोरच्याला विचारायचा, "तुझं काम एका वाक्यात सांग." नाही सांगता आलं तर तो माणूस जेवायच्या सुट्टीआधी घरी.

सकाळी शेडमध्ये मी तेच केलं. तिघांना रांगेत उभं केलं. रितेश म्हणाला, "तुम्ही सांगाल ते, मेस्त्री." उत्तर बरं होतं. दुसरा नुसता हसला, त्याला कामाला लावला. विठूला विचारलं तर तो कापडाला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मी तुमच्या मागं उभा असतंय."

मी म्हटलं, "मागं उभे राहायला शेडला खांब आहेत की!"

सगळे हसले. विठू पण हसला. पण साहेब असता तर त्याला त्याच मिनिटाला काढला असता, हे खरं.

राजश्रीला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "ह्या तुमच्या कालवंसाहेबानं डोक्यात भलतंच भरवलंय." काल्डरला ती कालवंसाहेब म्हणते. मी म्हटलं काल्डर. ती म्हणाली, कालवंच ती, शिंपला फोडल्याशिवाय आत काय आहे कळायचं नाही. पुढं ती काहीतरी पुटपुटली. हल्ली ही फार पुटपुटते.

१३ जुलै, रविवार

अक्षयाचा फोन. पहिला प्रश्न, "किती पानं झाली?" एकशे चाळीस. "हॅना आली का?" म्हटलं अजून नाही, कोण ती? म्हणाली, "येईल. मग सांग मला."

नंतर नीट कळेना. मोबाईलमध्ये बाईमाणसाचा आवाज हल्ली पाण्यातून आल्यासारखा येतो. ती तिसऱ्यांदा काहीतरी म्हणाली, त्यातलं "एकदा तपासून घे बाबा, प्लीज" एवढं समजलं. तिचं म्हणणं बरोबर आहे. दुपारीच मोबाईल घेऊन माळनाक्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पोरानं उघडून बघितला, म्हणाला काका, काही बिघाड नाही. असल्या पोरांना काय कळतंय.

१८ जुलै, शुक्रवार

राग उतरला नाही, अक्षर वाकडं येईल.

आधी पुस्तकातलं. पान १८७ला ती हॅना आली. साहेबाची मुख्य इंजिनियर, अकरा वर्षं त्याच्याजवळ. साहेबानं काही सांगितलं की मान डोलवायची, "झालं म्हणून समजा" म्हणायची आणि मागं जाऊन स्वतःला पटेल तेच करायची. दोन याद्या ठेवल्या होत्या बाईनं, एक साहेबाला दाखवायची आणि एक खरी. अकरा वर्षं! साहेबाला कळलं तेव्हा त्यानं एका ओळीत निकाल लावला. "तुझं सामान तुझ्या गाडीत ठेवलंय." काल हे वाचून मी चक्क टाळी वाजवली. राजश्री दचकली.

आज सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी शेडला गेलो. शटर अर्धं उघडं. आत विठू. कर्ल्याच्या त्याच बोटीचं इंजिन, जे मी काल संध्याकाळी पास केलं होतं, त्याचा पाण्याचा पंप उघडून बसलेला. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवतो तो पंप. मी विचारलं, "काय चाललंय?"

"बेरिंग बदलतंय."

"मी पास केलं ना काल?"

त्यानं बेरिंग कापडानं पुसायला घेतलं.

"विठू, मी काय विचारतोय?"

"जरा आवाज होता, मेस्त्री."

"मला आला नाही. तुला आला?"

एवढ्यात रितेश आणि दुसरा येऊन उभे राहिले होते. विठूनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वारा होता काल. तुमच्या बाजूनं वारा होता," म्हणाला. शेडमध्ये कसला वारा? मला वेडा समजतो?

मी विचारलं, आजवर असं किती वेळा केलंस? तो म्हणाला, "मोजलं नाय."

मोजलं नाय! म्हणजे माझ्या नावावर बोटी समुद्रात जात होत्या आणि हा चोरासारखा सकाळी येऊन माझं काम उसवत होता. बावीस वर्षं ज्याला जवळ ठेवला तो. डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस. आजपासूनच नको."

त्यानं पंप जोडला. नवीन बेरिंगसकट जोडला, ह्याचाही राग आला. हात धुतले, डबा घेतला आणि गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२३ जुलै, बुधवार

घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे राजश्री. ताट वाढते आणि आत जाते. काल ती विठूच्या घरी, जवळच्याच काळबादेवी गावात जाऊन आली, मला सांगून गेली नाही. अक्षयालाही बातमी पोचली. तिचा मेसेज आला, "बाबा, पुस्तक पुढं वाच. थांबू नकोस." आता कुठली फुरसत? सीझन आठवड्यावर आलाय. पान १९० ला खूण घालून ठेवलंय.

शेडचं मात्र झकास चाललंय. विठू गेल्यापासून ती टकटक बंद. पाच इंजिनं ऐकली, पाचही पास. एकातही काही दोष ऐकू आला नाही. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. मला तर वाटतं निम्मे दोष विठूच काढायचा, स्वतःचं महत्त्व वाढवायला.

रितेश दोनदा काहीतरी सांगायला आला आणि पाय ओढत परत गेला. मी म्हटलं, बोलायचं तर तोंड उघडून बोल. म्हणाला, "काय नाय मेस्त्री."

२८ जुलै, सोमवार

हर्षद पिलणकरची 'ज्ञानेश्वरी' आज पास केली. लेकीच्या नावाची बोट, मोठ्या हौसेची. हर्षद स्वतःच तांडेल, त्याचे सहा खलाशी. हर्षदचा बाप माझं पहिलं गिऱ्हाईक, तो म्हणायचा देवाच्या आधी रघूला विचारा. इंजिन सुरू केलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. भरदार, घुमणारा आवाज, देवळातल्या नगाऱ्यासारखा. दुसरं काही नाही. हर्षद मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, बायकोला पाठवायला.

डोळे उघडले तर रितेश पंपाशी वाकलेला. मी म्हटलं, तिथं काय ठेवलंय तुझं? तो सरळ उभा राहिला. मी म्हटलं, "पास."

१ ऑगस्ट, शुक्रवार

सीझन सुरू. अक्षया कालच आलीय रजा काढून. सकाळी तिला आणि राजश्रीला घेऊन जेटीवर गेलो.

'ज्ञानेश्वरी'वर हर्षदच्या चुलत्यांनी गाऱ्हाणं घातलं. नारळ हातात धरून देवाला सगळं सांगायचं, पोरांना सुखरूप आण, जाळं भरून दे, इडापिडा टाळ, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून म्हणतोय. पण चुलते आता म्हातारे झाले, आवाज पार खाली गेलाय. ओठ हलताना बघून अंदाज घ्यावा लागतो. मधेच थांबले, मान बाजूला वळवली, काहीतरी बोलले, आणि मी खणखणीत "व्हय म्हाराजा!" म्हटलं.

एकटाच. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. मग एकदम हसले सगळे. हर्षदचा एक खलाशी तर पोट धरून. हल्ली देवाच्या कामातही लोकांचं लक्ष नसतं, माझ्या एकट्याचं होतं.

अक्षया हसली नाही. माझा दंड धरून उभी होती. बोट बाहेर पडेपर्यंत तिनं धरूनच ठेवला.

३ ऑगस्ट, रविवार

'ज्ञानेश्वरी'चं इंजिन काल सकाळी जाम झालं. पूर्णगडच्या बाहेर, खवळलेल्या पाण्यात. सात माणसं, नऊ तास. बोट आडवी होऊन लाटा अंगावर घेत होती. नांगर टाकताना एका खलाशाच्या हाताची दोन बोटं दोरात सापडली, तो सिव्हिलला आहे. संध्याकाळी दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. सगळे जिवंत आहेत. हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहितो. सगळे जिवंत आहेत.

आज सकाळी इंजिन उघडलं. पाण्याच्या पंपाच्या बेरिंगचा चुरा झालेला. पंप थांबला, पाणी थांबलं, इंजिन तापून पिस्टन चिकटले.

दुसरा एक खलाशी म्हणाला, जेटी सोडली तेव्हापासूनच पंप ओरडत होता, बारीक, मांजराच्या पिल्लागत. मी ओरडलो, मग परत का नाही फिरलात? तो म्हणाला, "तुम्ही पास केलेलं, मेस्त्री. आमाला वाटलं तुम्ही ऐकूनच पास केलं असणार. म्हणजे घाबरायचं कारण नाय."

मी म्हटलं, शेडमध्ये आवाज नव्हता. नंतर आला असणार. शपथेवर सांगतो, नव्हता.

हर्षदनं मोबाईल काढला. अठ्ठावीस तारखेचा व्हिडिओ. आवाज पूर्ण मोठा केला आणि बाकावर ठेवला. व्हिडिओत मी डोळे मिटून उभा, कानाला मूठ. इंजिनाचा तोच भरदार घुमारा. मी म्हणणार होतो, बघा, आहे का काही? आणि माझं लक्ष लोकांच्या तोंडांकडे गेलं. रितेश, खलाशी, हर्षद, दारात उभी अक्षया. सगळ्यांच्या कपाळाला एकाच वेळी आठी पडली. एकानं तर कानावर हात नेला. त्यांना काहीतरी टोचत होतं.

मला काही नाही. मी दोनदा लावायला सांगितलं. दोन्ही वेळा काही नाही.

हर्षद शिव्या घालेल म्हणून मी तयार होतो. त्यानं फोन खिशात टाकला आणि एवढंच विचारलं, "विठू कुठं आहे?"

५ ऑगस्ट, मंगळवार

अक्षयानं काल कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. थोडे आले, मग यायचे बंद झाले. बराच वेळ बसलो. मी बाहेरच्या बाईंना म्हटलं, मशीन चालू करा. त्या म्हणाल्या, "चालूच आहे, काका."

कागदावर रेघ निघाली. सुरुवातीला सरळ आणि मग घाटातून दगड सुटावा तशी खाली. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज ऐकू येतात, बारीक गेले. इंजिनाजवळ आयुष्य काढलं की होतं असं. शिट्टी, बायकांचे आवाज, शब्दांची टोकं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, एका दिवसात नाही जात. आठ-दहा वर्षं तरी.

घरी आल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. वाचवेना. कुकर. मोबाईल. पाच इंजिनं पास. विठूचं बोट. दोष मी ऐकत नव्हतोच. बोट बघत होतो. डोळे मिटल्याचं सोंग, आणि पापणीच्या फटीतून बोट बघत होतो. माझं मला माहीत नव्हतं, असं लिहावंसं वाटतंय. पण थोडं माहीत असणार. नाहीतर त्याच्या टकटकीचा एवढा राग का यावा?

राजश्रीला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक होतं." मग मला का नाही सांगितलं? तर म्हणते, "तुम्हाला सांगायचं कुणी?" माझ्या समोर, तोंडाकडे बघून म्हणाली, म्हणून समजलं. शुक्रवारी गाऱ्हाण्यात चुलते काय बोलले तेही तिनं सांगितलं. "चप्पल कुणाची रे ती, उचला," असं म्हणाले होते. त्यावर मी व्हय म्हाराजा. आम्ही दोघं हसलो. मग ती रडायला लागली आणि मला काय करावं कळेना.

अक्षयाला म्हटलं, हे पुस्तक मला का धाडलंस? ती म्हणाली, "मला वाटलं, तुला हॅना दिसेल."

मला साहेब दिसला. लाज वाटते. चारशे पानांचं पुस्तक लेकीनं बापाला सरळ बोलता येत नाही म्हणून धाडलं, आणि बापानं कव्हर घालून स्वतःची आरती ओवाळली.

संध्याकाळच्या आत पुढचं प्रकरण वाचून काढलं. हॅना गेल्यावर साहेबाचं पुढचं यंत्र हातात तापून पेट घ्यायचं. लाखभर परत मागवावी लागली. साहेबानं तिला बोलावलं का? नाही. शेवटपर्यंत नाही. लेखकानं त्याला 'त्याचा करारी स्वभाव' म्हटलंय. शिरा पडो असल्या करारीपणावर.

६ ऑगस्ट, बुधवार

काळबादेवीला गेलो. एकटा. अक्षया येते म्हणाली, तिला नको म्हटलं.

विठूची बायको काशी अंगणात होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. विठू पडवीत कोयतीला धार लावत बसलेला. मी त्याच्यासमोर बसलो, तोंड दिसेल असा. वाटेत जे ठरवलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "माझा कान गेलाय."

तो म्हणाला, "व्हय."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"नऊ वर्सं. माझ्या थोरलीच्या लग्नाच्या सालापासून."

नऊ वर्षं ह्या माणसानं बोटानं माझं नाव राखलं आणि मी त्याला खांब म्हटलं. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस रे?"

त्यानं कोयती खाली ठेवली. "सांगितलेलं. दोनदा. पयल्या खेपेला तुम्ही पाना फेकून मारलात. मग दुसऱ्या खेपेला हळू सांगितलं."

तो थट्टा करत नव्हता.

काशी चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवला आणि इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या अंगणातली बाई वळून बघायला लागली. म्हणाली, "तुमच्याशी बोलून बोलून ह्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागलीय. घरात पण वरडतात. नातवंडं घाबरतात. आता दोन-तीन आठवडं जरा घर शांत हाय."

मला माफी मागता येत नाही, आजवर मागितली नाही. आज मागितली. बरी नाही जमली. मधेच खोकला काढला. विठू म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मेस्त्री." मी म्हटलं, राहू दे कसं, सात माणसं मेली असती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते माझ्यासाठी नव्हतं, त्या सात जणांसाठी होतं. मग म्हणाला, "अठरा तारखेला तुम्ही जा म्हणालात तेव्हा मी भांडायला होवं होतं. तुमचं नाव राखत बसलो. माझी पण चूक हाय."

मी म्हटलं, परत ये.

त्यानं लगेच हो म्हटलं नाही. कोयती उचलून तिची धार अंगठ्यानं बघितली. मग म्हणाला, "येईन. पण बोट वाजवणार नाय. जे ऐकू येईल ते तोंडानं सांगणार. मोठ्यानं. चार माणसांत. चालल काय?"

चालेल म्हणालो. मिरकरवाड्यात चार माणसांत!

१९ ऑगस्ट, मंगळवार

बारा दिवस वही उघडली नाही. नारळी पौर्णिमा आली न् गेली. 'ज्ञानेश्वरी'चं इंजिन मी आणि विठूनं तळापासून बांधलं. हर्षद दुसरीकडे नेणार होता, विठू परत आलाय कळल्यावर ठेवलं. मला मशीन लावायचंय कानात, अक्षया मागे लागलीय, माप देऊन आलोय. दवाखान्यात त्या खलाशाला भेटून आलो. एक बोट वाचलं, एक नाही. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसणं ह्या महिन्यातलं सगळ्यात कठीण काम होतं.

आज सकाळी ट्रायल. बातमी फुटलेली होतीच, शेडमध्ये ही गर्दी. आठ-दहा तांडेल, बर्फवाले, हर्षदचे चुलते पण आलेले. इंजिन सुरू झालं. रितेशनं सवयीनं स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मीही सवयीनं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. तोच गोड, भरलेला आवाज. चौतीस वर्षांची जीभ, 'पास' अगदी तोंडावर आलं होतं.

डोळे उघडले. विठू समोर उभा होता, हात मागे बांधून.

मी स्क्रू ड्रायव्हर त्याच्यापुढे केला. शेडमध्ये काय झालं, कोण काय म्हणालं, मला ऐकू आलं नाही, पण हर्षदच्या चुलत्यांची मान हललेली दिसली. विठूनं कान लावला. पंपापाशी, मग पुढं, मग परत मागं. वेळ घेतला लेकाच्यानं. मग सरळ उभा राहिला आणि सगळ्या मिरकरवाड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"पास नाय, मेस्त्री. तिसऱ्याचा वॉल्व्ह वाजतंय. तुम्हाला ऐकू येत नाय, मला येतंय."

राग आला. खोटं कशाला लिहू, असा आला की कानशिलं तापली. सगळे माझ्याकडे बघत होते. ज्याला मी कामाला ठेवला त्यानं माझ्याच शेडमध्ये, माझ्याच गिऱ्हाइकांपुढे मला बहिरा म्हटलं होतं. बाकावरचा पाना केव्हाच हातात आला होता.

मी इंजिन बंद केलं आणि त्याच पान्यानं तिसऱ्या सिलिंडरचं कव्हर उघडलं. वॉल्व्हचं अंतर जास्त राहिलं होतं. माझ्याच हातानं लावलेलं.

हर्षदनं विचारलं, "मग मेस्त्री, बोट कधी काढू?"

मी म्हटलं, "विठूला विचार."